आमच्या घरची कज्जी

सरस्वतीपुरम, म्हैसूर
सोमवार, १७ जानेवारी १९९४

चि. सौ. वनजा हिस,

आईचे अनेक आशीर्वाद. तुझ्या कुशीतल्या चिमणीलाही, जिला मी हॉस्पिटलच्या दारातून एकदाच पाहिलं.

सात वर्षांपूर्वी त्या दिवशी सकाळी नळाला पाणी लवकर आलं होतं. मी तांब्याचा हंडा भरला, दोन्ही कळशा भरल्या, बादली धरली तोवर धार बारीक झाली. मग अंगण झाडलं, सडा टाकला आणि रांगोळीचा डबा घेऊन बसले. चुलीवर अवरेकाळूचे दाणे उकळत होते, त्यांचा वास बाहेरपर्यंत येत होता. तू ट्यूशनला गेली होतीस. अप्पा तबेल्यातली पहाटेची घोड्यांची पाळी आटपून नुकतेच आले होते आणि सायकल भिंतीला लावत होते. रांगोळी अर्धी झाली आणि माझा डावा पाय खाजायला लागला. तळव्याच्या खोलगट भागात, आतून. हाताला रांगोळी, म्हणून मी पाय पायरीच्या कडेला घासला. काही उपयोग नाही. परत घासला.

त्या सकाळचं पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. सांगते, पण थोडं थांब. आधी दुसरं लिहायचं आहे.

इकडे सगळं ठीक. समोरच्या वेदवतीअम्मांनी संक्रांतीचा एळ्ळु-बेल्ल, त्यांचा तीळगूळ, दिला, मी त्यांना आपले तिळाचे लाडू दिले. तुझ्यासाठी केलेले डिंकाचे लाडू डब्यात तसेच आहेत. बाळंतिणीच्या खोलीतली खाट मी भिंतीपासून लांब ओढून ठेवली होती, थंडी लागू नये म्हणून. ती परत भिंतीला लावली. वेखंड, शेपा, ओवा, सगळं आणलेलं आहे. जावईबापूंबरोबर पाठवते. वापर. वस्तूंवर राग काढायचा नसतो.

पहिलं बाळंतपण आईकडे. तुझं माझ्याकडे व्हायचं ठरलं होतं, सासूबाईंनीच सुपारी फुटली तेव्हा बोलून दाखवलं होतं. मग हॉस्पिटलातून गाडी सरस्वतीपुरमला न येता कुवेंपुनगरला, तुझ्या सासरी गेली. मी इथे दारात तुकडा ओवाळायला भाकरी घेऊन उभी. अंधार पडला तेव्हा ती भाकरी मीच खाल्ली.

का गेली, ते मला जावईबापूंनी शनिवारी सांगितलं. स्कूटर उभी करून, हेल्मेट हातात धरून, हसत हसत सांगितलं. त्यांच्या मनात काही नव्हतं. म्हणाले, "आई जरा घाबरल्यात. तुमच्या पायाचं ते... डॉक्टरांकडून लागत नाही असा कागद आणा, की मिटलं. बुधवारी बारशाला या ना कागद घेऊन."

मी विचारलं, "काय लागत नाही असा?"

"ती कज्जी."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तुझ्या सासूबाई, गिरिजाबाई, दिवाळीत आल्या होत्या तेव्हा त्यांनी मला पाय खाजवताना पाहिलं होतं. मी पायरीवर बसून अप्पांचा तो घोड्यांचा खरारा चालवत होते. त्यांनी विचारलं, काय झालंय हो पायाला? मी म्हटलं, काही नाही, कज्जी आहे, जुनी. एवढंच बोलणं झालं. त्या साताऱ्याच्या. त्यांना शब्द कळला नाही, पण मला विचारायचा संकोच वाटला असेल. घरी जाऊन त्यांनी भांड्यांच्या बाईला विचारलं. ती बिचारी कन्नड बाई, तिने खरं तेच सांगितलं. "अय्यो अम्मा, कज्जी म्हणजे अंटुरोग! असं बोटांच्या बेचक्यात होतं, एकाचं सगळ्या घराला लागतं." आणि बोटं फाकवून दाखवली. खरूज. कन्नडात कज्जी म्हणजे खरूजच. ती खोटं बोलली नाही आणि गिरिजाबाईही चुकल्या नाहीत. मला खरूज असती तर तान्ह्या पोराच्या घरात मीच पाऊल टाकलं नसतं.

पण आपल्या घरात कज्जी म्हणजे खरूज नाही, वनजा. हे तुला ठाऊक आहे.

तुला गांधीलमाशी चावली तेव्हा अप्पा म्हणाले, कज्जी. तुझ्या डोक्यात उवा झाल्या, कज्जी. नवा स्वेटर टोचला, कज्जी. रेडिओ खरखरला की त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "याला आज कज्जी झालीय." तू हसून लोळायचीस. मराठी धड नाही आणि कन्नडही धड नाही असे आपण. आपल्या पूर्वजांनी महाराजांच्या फौजेबरोबर इथे येताना काय काय आणलं आणि इथे काय काय उचललं, ते वेगळं करत बसायला कुणाला वेळ होता? कुठला शब्द उचलला आणि त्याचा अर्थ वाटेत सांडला. सांडला तर सांडला. आपल्याला तो पुरत होता.

जावईबापू म्हणाले, भांड्यांच्या बाईने बोटं फाकवून दाखवली तेव्हा तूही तिथेच होतीस. भाजी निवडत होतीस.

हे मी लिहिणार नव्हते. दोन दिवस बाकीचं सगळं मनात लिहिलं आणि हे गाळलं. पण मग पत्र कशाला, एळ्ळु-बेल्लचीच चौकशी केली असती.

तू गप्प का बसलीस?

मला माहीत आहे, नवी सून, आठवा महिना, पुण्या-साताऱ्याचं शुद्ध बोलणं कानावर आदळणारं घर. तू तोंड उघडलंस की तुझ्या नणंदा हसतात, हे तू मला सांगितलं होतंस. "अगं, 'मी येते' म्हण, 'येतो' काय?" वगैरे. माणसाला आपल्या घरच्या शब्दाची लाज वाटू शकते. मलाही एकेकाळी वाटायची. कन्नड चौथी शिकलेली मी. मराठी अक्षरं लग्नानंतर मराठी मंडळाच्या वाचनालयातले जुने दिवाळी अंक आणून, एकेक ओळ बोटाखाली धरून शिकले. पुस्तकातलं मराठी वाचलं तेव्हा वाटलं, आपण बोलतो ते काय मग? अप्पांना विचारलं. ते म्हणाले, "ते पुस्तकात राहतात, आपण म्हैसुरात." त्यानंतर मला लाज वाटली नाही.

आता पायाचं.

सात वर्षं खाजतो आहे. दिवसातून दोन-चारदा खाज येते, घटकाभर राहते, जाते. वर काही नाही. पुरळ नाही, चट्टा नाही, खपली नाही. मोठ्या डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं, रक्त तपासलं, साखर तपासली, पाठीच्या मणक्याचा फोटो काढला. सगळं स्वच्छ. वेदवतीअम्मा म्हणाल्या, नागदोष, नागाची प्रतिष्ठा करा. वरुणा गावात एकांकडे झाडपाला मिळतो म्हणून तुझी मावशी घेऊन गेली. त्या पाल्याने पाय आठवडाभर भाजला, भाजायचा थांबल्यावर परत खाजला. कुणी म्हणालं करणी, कुणी म्हणालं पित्त. शेवटच्या डॉक्टरांनी फाईल मिटवली, चष्मा काढला आणि अगदी प्रेमाने विचारलं, "अम्मा, हे यजमान गेल्यानंतरच सुरू झालं ना?"

सगळ्यांना हेच हवं असतं. विधवेचा पाय आहे, तेव्हा त्यात नवऱ्याचंच काहीतरी असणार. तुलाही हेच वाटतं, मला ठाऊक आहे. एकदा तू म्हणाली होतीस, "आई, तू रडत नाहीस ना, म्हणून ते पायातून येतं."

वाचनालयात घरगुती वैद्यकाचं एक जाडजूड पुस्तक आहे. त्यात खाजेची कारणं पानभर दिली आहेत आणि शेवटी एक ओळ आहे: काही वेळा कारण सापडत नाही. मी ती ओळ कितीदा तरी वाचली. छापून कबूल करणारं कुणीतरी भेटलं म्हणून इतकं बरं वाटलं. त्या दिवसापासून मी ठरवलं, माझ्या पायाचा अर्थ मी कुणाला लावू देणार नाही. खाज आहे. खाजवायचं.

आणि आता ते राहिलेलं.

अर्धी रांगोळी काढून मी पाय पायरीला घासत होते. अप्पांनी पाहिलं. सायकलच्या पिशवीत त्यांचा जुना खरारा होता, घोडीच्या अंगाला मारायचा. दात झिजून बोथट झालेला, म्हणून टाकायला काढलेला. तो घेऊन ते माझ्यापुढे उकिडवे बसले आणि माझ्या पोटरीवर दोन बोटांनी टकटक केलं. घोडीने खूर उचलावा म्हणून ते करायचे तसं. "उचल."

आणि मी उचलला गं! न विचारता उचलला. मग लक्षात आलं आणि ओढून घ्यायला लागले. "अय्यो, सोडा, माझ्या पायाला हात लावू नका, पाप लागेल मला."

"घोड्याच्या पायाला रोज लावतो, तेव्हा घोड्याला लागत नाही."

"रस्त्यावरून लोक बघतायत."

"बघू दे. घोडीला कज्जी आलीय."

आणि त्यांनी माझा पाय गुडघ्यावर धरून खरारा केला. हळू, आतून बाहेर, मधेच फुंकर मारून, घोड्यांना करतात तसं तोंडाने आवाज काढत. मी पदर तोंडात धरून हसत होते. रांगोळी सगळीकडे सांडली. मग ते आत गेले, अवरेकाळूची उसळ आणि रोटी खाल्ली, कपडे बदलले, परत तबेल्याकडे गेले. दुपारी तिथल्या माणसांनी त्यांना घरी आणलं ते तू पाहिलंस. त्यांच्यात जीव उरलाच नव्हता.

म्हणजे खाज आधी आली, वनजा. ते गेले नंतर. ती आली तेव्हा मी भरल्या कपाळाची, हसणारी, हाताला रांगोळी लागलेली बाई होते. ती दुःखातून आलेली नाही. आली त्याला साक्षीदार एकच होता आणि तो आता डॉक्टरला सांगायला येत नाही. पाय खाजला की मला अप्पांचं जाणं आठवत नाही. जाणं आठवायला पाय लागत नाही, ते रोजचंच आहे. पाय खाजला की मला ती सकाळ आठवते. त्या सकाळचं एवढंच माझ्यापाशी राहिलं आहे, खाज, खरारा आणि तो शब्द. मग मी गिरिजाबाईंना काय म्हणणार होते? खाज म्हणायला हवं होतं? मला नाही सुचलं. सुचलं असतं तरी म्हटलं नसतं.

खरारा मी उकळत्या पाण्यात धुते, हे त्यांना सांग. नको, सांगू नकोस. मला कुणाची खात्री पटवायची नाही.

बुधवारी मी येणार आहे. कागद आणणार नाही. डॉक्टर द्यायला तयार आहेत, दोन ओळींचं काम आहे. पण आजीने नातीपाशी दाखला घेऊन यायचं नसतं. मला विचारलं असतं तर मी पाय दाखवला असता आणि कागदही आणला असता. मला विचारलं नाही. भांडी घासणाऱ्या बाईला विचारलं.

पाळण्याच्या एका बाजूला सासूबाई उभ्या राहतील, दुसऱ्या बाजूला मी. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत त्या वरून देतील ते बाळ मी घेईन आणि खालून परत देईन. साताऱ्याहून बायका येणार आहेत असं ऐकलं. त्यांच्यापैकी कुणी म्हणेल की पाळण्यापाशी सवाष्ण हवी. तर त्यांनी स्पष्ट विचारून घ्यावं, हरकत माझ्या पायाला आहे की कपाळाला? पायाला असेल तर तो बघा. कपाळाला असेल तर पायाचं नाव काढू नका.

कज्जी म्हणजे काय, ते मी त्या घरात सांगणार नाही. ते तू सांगायचं. नाही सांगितलंस तरी मी येणार आणि तरी तुझी आईच राहणार. पण तू सांगावंस असं मला वाटतं. अप्पांची माणसं आता दोनच राहिली, तू आणि मी. तूही गप्प बसलीस तर तो शब्द भांड्यांच्या बाईचाच खरा.

अक्षरं मोठी काढली आहेत, तुला भराभर वाचता यावं म्हणून. पाकीट चिकटवलं आहे, पण सासूबाईंना वाचून दाखवायचं असेल तर खुशाल दाखव. त्यांचं मराठी चांगलं आहे. एक शब्द सोडला तर सगळं कळेल.

पोटभर खा. कानाला बांध. अंगावर पाजताना पाठ टेकून बस.

पायाला कज्जी असलेली,
तुझी आई


सरस्वतीपुरम, म्हैसूर
शुक्रवार, २१ जानेवारी १९९४

चि. सौ. वनजा हिस आणि चि. मृणाल हिस,

दोघींना आशीर्वाद. मृणाल नाव छान आहे. इथल्या शाळेतल्या बाई 'मुरुणाल' म्हणतील. म्हणू देत, आपल्याला काय नवीन!

बारशाला तू आतल्या खोलीत होतीस, तेव्हा दारात काय झालं ते तुला दिसलं नाही. म्हणून लिहिते.

गिरिजाबाई दारातच होत्या. नवी नऊवारी, केसात शेवंती. मला बघून आधी माझ्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे. मी चपला काढल्या आणि दोन्ही पाय उंबऱ्याशी जोडून उभी राहिले.

"कागद?" त्या हळूच म्हणाल्या.

"कागद नाही आणला. पाय आणलाय. डावा तो. बघा."

मला वाटलं, तोंड फिरवतील. पण चष्मा सावरून त्या खरंच वाकल्या. गुडघ्यावर हात ठेवून बराच वेळ बघितलं, तांदळातले खडे बघावेत तसं.

"काहीच दिसत नाही हो."

"मलाही दिसत नाही. डॉक्टरलाही दिसत नाही."

"मग खाजतं कशानं?"

"ते कळलं असतं तर तुम्हाला तार केली असती."

त्या सरळ झाल्या. हसल्या नाहीत, पण दारातून बाजूला झाल्या. मी आत आले.

पुढचं तू पाहिलंस. साताऱ्याच्या मावशींनी पाळण्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या मला हाताने मागे सारायला सुरुवात केली, "तिथं सवाष्ण लागते, तुम्ही इकडं बसा हं," आणि माझ्या तोंडाशी पायाचं-कपाळाचं सगळं वाक्य तयार होतं. मी सोमवारपासून घोकलं होतं. ते बोलायची वेळच आली नाही.

तू सासूबाईंना जे बोललीस ते तुला पाठ असेल. मलाही आहे. "अत्ते, कज्जी म्हंजे आमच्यात नुस्ती खाज. रोग नाही. आमच्या अप्पांचा शब्द आहे तो. मी त्याच दिवशी सांगायचं होतं, भ्याले. आणि पलीकडे माझी आईच उभी राहणार. नाहीतर बाळ मी देतो नाही." सगळ्या नणंदा 'देतो'ला हसल्या. तुझे कान लाल झाले, पण तू बाळाला घट्ट धरून तशीच उभी होतीस. तुला तुझा आवाज ऐकू आला का? अप्पा तबेल्यात साहेबाशी बोलायचे, तो आवाज होता. मोडका, पण उभा.

आणि गिरिजाबाई. तुला त्यांची पाठ दिसत होती, मला तोंड. त्यांनी मावशींकडे एकदा बघितलं. तुझ्या हातून मृणालला घेतलं, पाळण्यावरून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, "घ्या, विहीणबाई. कुणी गोविंद घ्या."

मी घेतली. किती हलकी आहे गं! आणि अगदी त्याच क्षणी पाय खाजायला लागला. इतका, की डोळ्यांत पाणी आलं. बायकांना वाटलं असेल, आजीला भरून आलं. वाटू दे. मी हलले नाही. खालून बाळ परत देताना आम्हा दोघींची डोकी पाळण्याखाली जवळ आली. त्यांनी कानाशी विचारलं, "आत्ता खाजतंय?"

"मरणाचं."

त्यांना हसू फुटलं आणि ते दाबताना त्यांच्या केसातली शेवंती पाळण्यात पडली. ती तू उचललीस. का पडली ते तुला आता कळलं.

मावशी माझ्याशी बोलल्या नाहीत. निघताना त्यांनी मला कुंकू लावलं नाही, नुसता नारळ दिला. मी घेतला. नारळ चांगला होता, त्याच्या चटणीचा अर्धा वाटा वेदवतीअम्मांकडे गेला. सगळं एका दिवसात होत नाही आणि मी कुठे जात नाही.

सासूबाई म्हणाल्या की महिना झाला की तुला आणि मृणालला इकडे पाठवतील. खाट परत भिंतीपासून लांब ओढली आहे. डिंकाचे लाडू नवे करीन.

काल, बारशाच्या दुसऱ्या दिवशी, मी नेहमीच्या वेळेला उठले. पाणी भरलं, अंगण झाडलं, सडा टाकला, रांगोळी पुरी काढली. मग पाय खाजायला लागला, तेव्हा खरारा घेऊन बाहेरच्या पायरीवर बसले आणि साऱ्या रस्त्यादेखत पोटभर खाजवला.

तुझी आई,
भवानीबाई शंभूराव